शाकुहाची: एका सुरात अडकलेल्या माणसाचा धागा

नागोयाकर

बरेच दिवस शाकुहाचीवर, म्हणजे बांबूच्या जपानी बासरीवर, लिहायचं मनात होतं, पण 'जपानला गेला आणि झेन झाला' असं कोणीतरी म्हणणार म्हणून टाळत होतो. म्हणा आता.

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातल्या एका निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याने विचारलं, शनिवारी काय करतोयस? काहीच नाही म्हटल्यावर तो मला त्यांच्या भागातल्या सार्वजनिक सभागृहात घेऊन गेला. सभागृह म्हणजे आपल्या सोसायटीच्या हॉलएवढंच. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात रॉकेलचा हीटर, दारात चपलांची रांग. जेमतेम पंधरा माणसं आणि त्यात साठीच्या आतला मी एकटा. पुढे एक सत्तरीतले गृहस्थ गुडघे मोडून बसले, मांडीवरचा बांबूचा दांडा उचलला, हनुवटीला टेकवला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मला वाटलं, विसरले बहुतेक.

मग आवाज आला. आधी नुसती हवा, दाराच्या फटीतून येते तशी. त्या हवेतून सूर वर आला, जरा खरखरीत, मधेच फाटला, परत जुळला, आणि मग एवढा मोठा झाला की पुढच्या रांगेतल्या आजी किंचित मागे सरकल्या. त्यानंतर तो बारीक होत गेला. कधी संपला ते मला सांगता येणार नाही. हीटरची टिकटिक ऐकू यायला लागली तेव्हा कळलं की संपलाय. आणि तो फक्त पहिला सूर होता.

पुढची आठ-दहा मिनिटं असंच. ताल नाही, लक्षात राहील अशी चाल नाही, साथीला कोणी नाही. मी किशोरकुमार आणि नाट्यगीतांवर वाढलेला माणूस, मला चाल लागते. तरी घरी येताना सबवेत मी स्टेशन चुकलो.

वाद्याबद्दल थोडं. नाव मापावरून पडलंय. शाकु म्हणजे त्यांचा फूट (३०.३ सेंटिमीटर), हाची म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन (सुन म्हणजे शाकुचा दहावा भाग), म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर. यापेक्षा लांबही असतात, पण नाव तेच. मादाके जातीच्या बांबूचा अगदी बुंध्याचा तुकडा घेतात, मुळांच्या गाठींसकट. म्हणून खालचं टोक जाड आणि किंचित वाकलेलं दिसतं. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. आपल्या बासरीसारखी आडवी नाही, उभी धरायची. वरचं टोक उघडं, त्याच्या कडेला तिरका छेद दिलेला आणि त्या छेदाच्या धारेवर फुंकायचं. शिट्टीसारखी आत जीभ वगैरे काही नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतो ना, तेच, फक्त दहापट अवघड.

हे मी अधिकाराने सांगतोय, कारण डिसेंबरपासून त्याच आजोबांकडे शिकायला जातोय. पहिले तीन आठवडे आवाज आला नाही. एकही नाही. डोकं गरगरायचं, ओठ बधिर व्हायचे, सेन्सेई (म्हणजे गुरुजी) चहा प्यायचे. चौथ्या शनिवारी अचानक 'होऽ' असं काहीतरी निघालं आणि मी इतका दचकलो की ते लगेच गेलं. सेन्सेई एवढंच म्हणाले, "आता उद्यापासून तेच."

तेच म्हणजे 'रो'. सगळी भोकं बंद ठेवून येणारा सर्वांत खालचा सूर. रोज दहा मिनिटं फक्त रो. याला रोबुकी म्हणतात आणि वर्षानुवर्षं वाजवणारेही सकाळी आधी हेच करतात.

आता प्रश्न. चाल नाही, ताल नाही, भाषा नाही, मी बौद्धही नाही. मग यात मला नक्की काय धरून ठेवतंय? कोणाला असा अनुभव आहे का? बासरीवाल्यांनी विशेष करून लिहा.

टवाळपंत

पहिला!

धागा छान, पण शंका अशी की हे मी ऐकलंय. महागड्या हॉटेलात, मालिशवाल्या ठिकाणी, पाण्याच्या खळखळाटासोबत. लिंबू घातलेलं कोमट पाणी देतात तेव्हा वाजत असतं. पाच मिनिटांत झोप येते. अध्यात्म आणि गुंगी यात फरक करायला हवा राव.

स्वरालय_पुणे

पंत, तुम्ही जे ऐकलंत ते बरेचदा कीबोर्डवरचं असतं. ऐंशीच्या दशकात इम्युलेटर टू नावाच्या यंत्रात शाकुहाचीच्या आवाजाचा एक नमुना भरलेला होता. पीटर गॅब्रिएलच्या १९८६ च्या 'स्लेजहॅमर' या गाण्याची सुरुवात त्याच आवाजाने होते. तिथून तो आवाज जगभर पसरला. बटण दाबलं की दर वेळी हुबेहूब तोच फुंकर. जे वाद्य दोन वेळा सारखं वाजत नाही म्हणून प्रसिद्ध, त्याचा एकच फुंकर लाखो वेळा वाजला.

नागोयाकर, मी बारा वर्षं बासरी शिकतेय म्हणून थोडं सुरांच्या अंगाने लिहिते.

पाच भोकांतून सरळ निघणारे सूर रो, त्सु, रे, ची, री. रोला षड्ज मानलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे चक्क धानी राग. (त्यांचा 'रे' आपला मध्यम, यावरून माझा पहिल्या दिवशी घोळ झाला होता.) पण जुन्या रचना धानीसारख्या लागत नाहीत, कारण खरे महत्त्वाचे सूर भोकांच्या मधे आहेत. हनुवटी खाली घालून त्सु उतरवला की कोमल रिषभ मिळतो, आणि मग सा, कोमल रे, म, प अशी चौकट तयार होते. वर जाताना कोमल नि, खाली येताना कोमल ध. आपल्या कानाला चढताना बैरागी आणि उतरताना गुणकली. दोन्ही सकाळचे, दोन्ही गंभीर. त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटत नाही यात नवल नाही. पहाटे रेडिओवर हे सूर आपल्या कानांवरून कधीतरी गेलेले असतात.

पण माझ्या मते खरी गोष्ट यापुढची आहे. आम्हाला बासरीत कोमल सूर घ्यायचा तर भोक अर्धं उघडायचं आणि गुरुजी दहा वर्षं ओरडतात की तो सूर शेजारच्या सुराइतकाच भरीव लागला पाहिजे. कुठे भोक पूर्ण उघडंय, कुठे अर्धं, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. शाकुहाचीत बरोब्बर उलट. मान खाली घातली की ओठ धारेच्या जवळ जातो, वरचं तोंड झाकलं जातं, त्यामुळे सूर उतरतो आणि त्याबरोबर मंदही होतो, जरा घुसमटतो. याला मेरी म्हणतात. मान वर केली की कारी, सूर चढतो आणि मोकळा होतो. मेरीचा सूर घुसमटलेलाच ठेवायचा असतो. तो दोष मानून पुसून काढत नाहीत, त्याच्यावरच रचना उभी असते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता खरं तर. इतकी वर्षं मी जे लपवायला शिकतेय ते हे लोक समोर मांडून ठेवतात.

नागोयाकर

स्वरालय, दंडवत! तो 'घुसमटलेला' सूर म्हणजे नेमकं तेच जे मला शब्दात सांगता येत नव्हतं. सेन्सेईंची मान बघत बसलो की पुढचा सूर आधीच कळतो. खाली गेली की खोलीत जरा अंधारल्यासारखं होतं.

त्यांच्यात म्हण आहे, मान हलवायला तीन वर्षं, कोरोला आठ. कोरोकोरो म्हणजे खालच्या दोन भोकांवर बोटं आळीपाळीने नाचवून काढलेला घुंगरासारखा आवाज. माझी मान सध्या फक्त दुखते.

आणखी एक. एकच सूर दोनदा घ्यायचा तर जुन्या रचनांत जीभ लावत नाहीत. श्वास चालूच ठेवून बोटाने भोकावर टिचकी मारायची. त्यामुळे एक ओळ म्हणजे अक्षरशः एक श्वास. श्वास संपला की ओळ संपली, मग थांबायचं, नाकाने हवा घ्यायची आणि पुढची ओळ. किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं नसतं. मी मनात एक-दोन-तीन मोजतो. सेन्सेईंना ते पाठीमागूनही कळतं.

जुनापुराणा

वाचनखूण साठवली. आता थोडा इतिहास, कारण या विषयात भाबडेपणा फार चालतो.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी: नवव्या शतकात चीनमध्ये फुके नावाचा विक्षिप्त झेन बौद्ध साधू (चिनी उच्चार फूहुआ) घंटा वाजवत हिंडायचा. त्याच्या एका चाहत्याने त्या घंटेचा नाद बांबूच्या बासरीत पकडला. ती परंपरा पिढ्यान् पिढ्या चालली आणि तेराव्या शतकात काकुशिन नावाचा जपानी भिक्षू ती घेऊन मायदेशी परतला. त्यातून फुके पंथ. पंथाचे लोक म्हणजे कोमुसो, 'शून्याचे भिक्षू'. डोक्यावर संपूर्ण चेहरा झाकणारी वेताच्या टोपलीसारखी टोपी, तिला तेंगाई म्हणतात, आणि हातात शाकुहाची. दारोदार वाजवून भिक्षा मागायची. त्यांना हे संगीत नव्हतं, साधना होती. सुइझेन, म्हणजे फुंकण्यातलं ध्यान.

गोष्ट सुंदर आहे. अडचण एवढीच की ती ज्या ग्रंथात आहे तो अठराव्या शतकाच्या अखेरीला छापला गेला आणि अभ्यासक तो बराचसा रचलेला मानतात. काकुशिन खरा, चीनला गेला तेही खरं, पण त्याने बासरी आणल्याचा पुरावा नाही. शाकुहाची त्याच्या कितीतरी आधी जपानमध्ये होती. नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या आठ शाकुहाची आजही जपून ठेवल्या आहेत. त्यांना सहा भोकं आहेत, काही बांबूच्या तर काही दगडाच्या, हस्तिदंताच्या. दरबारी वाद्य होतं ते.

आणि कोमुसो कोण? यादवीनंतर बेकार झालेले सामुराई, रोनिन. टोकुगावा शोगुनांच्या (लष्करी सत्ताधीशांच्या) राजवटीत सामान्य माणसाला प्रांत ओलांडणं कठीण होतं, कोमुसोंना मात्र मोकळीक होती. त्याला आधार म्हणून ते १६१४ ची एक सनद दाखवत, माजी शोगुन इएयासूने दिलेली. ती सनदही बनावट होती असं आता मानलं जातं. चेहरा झाकलेला, कुठेही फिरायची मुभा, त्यामुळे हेरगिरीचा संशय कायम. शेवटी १८७१ साली, शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारने पंथच बंद केला.

म्हणजे बनावट सनद, रचलेला गुरुपरंपरेचा इतिहास आणि बेकार तलवारबहाद्दर. त्यावर आपण 'आत्म्याचा नाद' वगैरे म्हणतोय. असो.

टवाळपंत

जुनापुराणा यांना माझ्याकडून एक चहा. कधी नव्हे ते कोणीतरी माझ्या बाजूने इतकं सविस्तर लिहिलं.

जुनापुराणा

पंत, तुमच्या बाजूने नाही लिहिलेलं. पूर्ण करतो. सनद खोटी असेल, पण तिच्या आडोशाने दोन-अडीचशे वर्षं जे वाजवलं गेलं ते खरं होतं. कुरोसावा किन्को (१७१०–१७७१) हा मूळचा सामुराई. त्याने ठिकठिकाणच्या मठांतल्या रचना गोळा केल्या, छत्तीस रचनांचा संग्रह केला. आजचं किन्को घराणं त्याच्याच नावाने चालतं. या रचनांना होन्क्योकु म्हणतात, 'मूळ रचना'. सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या तिघींची नावं बघा: रिकामी घंटा, धुक्यातल्या समुद्रावरची बासरी, रितं आकाश.

पंथ बंद झाल्यावर वाद्य वाचलं ते कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या साथीला जाऊन. धर्माचं वाद्य मैफिलीचं झालं. १८९६ साली ओसाकात नाकाओ तोझानने दुसरं मोठं घराणं काढलं, नव्या चालींचं. क्योटोच्या म्योआनजी मंदिरात मात्र जुनं वळण धरून ठेवणारे राहिले. मी तिथे गेलोय. तोफुकुजी मंदिराच्या मोठ्या आवारात ते शोधावं लागतं, पर्यटक शेजारच्या मेपलच्या झाडांचे फोटो काढत असतात.

हेमाकाकू

इतिहास वाचला, मजा आली. मला संगीतातलं शून्य कळतं, राग ओळखता येत नाहीत, पण अनुभव विचारलाय म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना ते एक प्लॅस्टिकचं यंत्र देतात बघा, तीन कप्पे आणि तीन चेंडू. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, चेंडू वर जातात. दर दोन तासांनी दहा वेळा. पहिल्या आठवड्यात एकच चेंडू हलायचा. पंधरा दिवसांनी दुसरा निम्म्यापर्यंत जाऊन थरथरायला लागला. मी समोर स्टुलावर बसून चेंडूकडे बघत असायचे आणि नकळत माझाही श्वास धरलेला असायचा. घरात त्या वेळी टीव्ही नाही, कोणाचं बोलणं नाही, फक्त नळीचा तो आवाज.

लेकीने मागच्या महिन्यात मोबाइलवर शाकुहाची लावली. स्वयंपाकघरात होते मी. त्या माणसाने सूर सोडला, तो वर जाऊन थरथरला, आणि माझ्या हातातली झारी तशीच राहिली. मला काही जपान-बिपान आठवलं नाही. दुसरा चेंडू आठवला.

हे बरे आहेत आता. भाजी आणायला जातात, भांडतात. पण तुम्ही विचारलंत ना काय धरून ठेवतं, माझ्यापुरतं हे.

स्वरालय_पुणे

काकू, काय लिहिलंय हे.

कोकणकडा

काकू _/\_

टवाळपंत

काकू, तुमच्यापुढे मी थट्टा करणार नाही. पण वाद म्हणून वाद: हे तर तुम्ही तुमचं त्यात ओतलंत. नागोयाकरला परदेशातला एकटेपणा ऐकू येतो, स्वरालयला बैरागी. मग वाद्याचं काय राहिलं? स्वतः जपानी माणसाला यात काय ऐकू येतं ते सांगा.

नागोयाकर

पंत, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर निराश करणारं. माझ्या टीममधल्या बारा जणांपैकी एकानेही शाकुहाची हातात धरलेली नाही. त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे नववर्षाची दुकानं. मियागी मिचिओची १९२९ सालची 'हारु नो उमी', कोतो आणि शाकुहाचीची गोड रचना, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटात, बँकेत, लिफ्टमध्ये सगळीकडे वाजते. आपल्याकडे दिवाळीत सनई वाजते तशी. मी शिकतोय हे कळल्यावर एक जण म्हणाला, "माझे आजोबा वाजवायचे, फार कंटाळवाणं असतं ना?"

तेव्हा जपानी आत्मा वगैरे काही मी म्हणणार नाही. पण 'आपण ओततो' हे निम्मंच खरं. सगळ्याच वाद्यांत काही ओतता येत नाही. काकूंना तबल्यात चेंडू दिसला नसता.

इगतपुरीकर

दहा दिवसांची विपश्यना केलेल्यांना हे लगेच पटेल. पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकपुडीखालचा श्वास जसा आहे तसा बघायचा, लांब तर लांब, आखूड तर आखूड, सुधारायचा नाही. तिसऱ्या दिवशी मला माझ्याच श्वासाचा कंटाळा आला होता, रागही.

शाकुहाचीत तोच श्वास, पण त्याला आवाज आहे, म्हणून लपायला जागा नाही. एक फरकही सांगायला हवा. आनापानात श्वासाला हात लावायचा नाही, इथे तो मुद्दाम वापरायचा. म्हणून 'हे म्हणजे ध्यानच' असं सरसकट म्हणू नये. मुराइकी ऐका, तो वाऱ्याचा फटकारा. त्यात शांत काहीच नाही, अंगावर येतं ते. आमच्या मांजरीने तो ऐकून कपाटावर उडी घेतली आणि तासभर खाली आली नाही.

स्वरालय_पुणे

मांजरीला कान आहे. :)

पंतांच्या मुद्द्यावर अजून एक. आपला आलापही तालाशिवाय असतो, पण मागे तानपुरा असतो. गवय्या थांबला तरी सा चालू राहतो, आपण अधांतरी पडत नाही. होन्क्योकुत मागे काहीच नाही. सूर थांबला की षड्ज तुम्हालाच मनात धरून ठेवावा लागतो, पुढचा श्वास येईपर्यंत. माझा अंदाज असा की ऐकणारा जे काही 'ओततो' ते याच वेळात.

वाताझुमी दोसो (१९११–१९९२) ऐका. कच्च्या, आतून न लिंपलेल्या जाड बांबूवर वाजवायचे आणि त्याला शाकुहाची न म्हणता होत्चिकु म्हणायचे. सकाळी उठून काठी फिरवण्याचा व्यायाम आणि मग फुंकणं. गंमत म्हणजे आमचे पन्नालाल घोष, ज्यांनी मुंबईत राहून मोठी बासरी शास्त्रीय मैफिलीत आणली, तेही १९११ चेच. एकाने बांबू अधिकाधिक गाता केला, दुसऱ्याने त्याला अधिकाधिक बांबू ठेवला.

वाताझुमींकडे शिकलेले योकोयामा कात्सुया १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वाद्यवृंदासमोर वाजवायला बसले, जपानी संगीतकार ताकेमित्सुच्या 'नोव्हेंबर स्टेप्स'मध्ये. सोबत फक्त एक बिवा (जपानी तंतुवाद्य). त्यात बराच वेळ वाद्यवृंद गप्प असतो आणि हे दोघेच वाजवतात. तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

केरीची_लेक

या धाग्यावर मला एक सांगायलाच हवं, कोणी अजून कसं सांगितलं नाही!

१९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे. त्यात शाकुहाची आहे: यामागुची गोरो यांनी वाजवलेली 'त्सुरु नो सुगोमोरी', क्रौंचांचं घरटं. आणि त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीत 'जात कहां हो'. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई! त्यांना रेकॉर्डिंगचं कधीच प्रेम नव्हतं. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

शाकुहाची जवळजवळ पाच मिनिटं आहे, बाई साडेतीन. दोन्ही एकामागोमाग लावून बघा. क्रौंचाच्या रचनेत पंखांची फडफड आहे, कोरोकोरो आणि घशातून काढलेला थरथरता फुंकर, पिल्लं वाढवणारी जोडी आहे ती. त्यानंतर बाईंचा आवाज येतो तो असा ठाम, पाय रोवून. मला दोन्हींत काही साम्य वाटत नाही, उगाच कशाला ओढून आणू? पण दोघं एकाच डब्यातून प्रवासाला निघालेत एवढं मला पुरतं.

जुनापुराणा

अवांतर: यामागुची किन्को घराण्याचे, १९९२ मध्ये जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. आणि रविशंकरांनीही १९७८ मध्ये यामामोतो होझान यांच्या शाकुहाचीबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. चांगलं आहे, पण त्यात शाकुहाची जरा पाहुण्यासारखी वागते असं माझं मत.

कोकणकडा

आमच्या परसात बांबूचं बेट आहे. एक कापून बघू का?

नागोयाकर

कोकणकडा, कुठला बांबू? माणगा असेल तर विसरा, तो जवळजवळ भरीव, काठ्या आणि मांडवाच्या कामाचा. बासरीला लागतो पातळ भिंतीचा, लांब पेरांचा, आणि आपले कारागीर तो आसामकडून मागवतात. बासरी एका पेरात बसवतात, गाठ टाळून. शाकुहाचीला उलट गाठी हव्यातच, साधारण सात, आणि त्या आतून फोडून आरपार करायच्या.

हिवाळ्यात खणून काढतात, मुळांसकट. मग विस्तवावर फिरवून त्याचं तेल काढतात, उन्हात ठेवतात आणि पुढे काही वर्षं नुसता पडू देतात. आतल्या बाजूला लाखेत कालवलेल्या बारीक मातीचा लेप देऊन नळी घोटतात. म्हणून चांगलं वाद्य लाखो येनांत जातं. एवढं करून हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते तडकतं! मी पहिलं घेतलं ते इंटरनेटवर, स्वस्तात. पेटी उघडली तर मागून नखभर लांब भेग. विकणाऱ्याने उत्तरच दिलं नाही. सेन्सेईंनी भेगेवर बोट फिरवलं, दोऱ्याने करकचून बांधून दिलं आणि म्हणाले, हिच्यातूनही हवा जाते हे आता तुला कळेल.

तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा पाइप आणा. आतून वीस मिलिमीटरच्या आसपास, साडेचोपन्न सेंटिमीटर कापा. एका टोकाला बाहेरून कानशीने तिरका छेद द्या. भोकं पाडायची घाई नको. आधी रो काढा.

कोकणकडा

कापला. कानस फिरवली. अर्धा तास फुंकतोय. आईने विचारलं, नळ तुंबलाय का.

नागोयाकर

ओठ बाहेर काढू नका, बारीक हसल्यासारखे ताणा. धार खालच्या ओठाच्या बरोब्बर मध्यावर आली पाहिजे. आणि जोर कमी. सगळे जोरच लावतात.

कोकणकडा

आला!!! गेला.

हेमाकाकू

कोकणकडा, अभिनंदन. नागोयाकर, तुमचं काही ऐकवा ना. सहा महिने होत आले.

नागोयाकर

काकूंचा शब्द मोडवत नाही म्हणून आज सकाळचं चढवलंय. पाच मिनिटं. फक्त रो आहे, आधीच सांगतो. मधेमधे हवाच जास्त आहे. चौथ्या श्वासाला सूर फाटलाय, ते कापणार होतो, मग ठेवलं.

स्वरालय_पुणे

ऐकलं. दुसऱ्या मिनिटाला रो उतरतोय, मान नकळत खाली जातेय तुझी. पण सहावा आणि सातवा श्वास फार चांगला. आणि तिसऱ्या मिनिटाला मागे काय वाजलं?

नागोयाकर

कुकर. वरणाचा.

स्वरालय_पुणे

वाटलंच. शिट्टी तुझ्या रोच्या जवळजवळ पंचमात आहे. सेन्सेईंना सांगू नकोस.

हेमाकाकू

मी डोळे मिटून ऐकत होते, शिट्टीला दचकून उठले आणि आमचा गॅस बघून आले!

टवाळपंत

मी ऐकणार नव्हतो. ऐकलं. शिट्टी थांबल्यावर तू लगेच फुंकलं नाहीस, बराच वेळ नुसता बसून होतास. तेवढं परत लावलं मी, दोनदा. काय मोजत होतास?

नागोयाकर

शिट्ट्या, पंत. तीन द्यायच्या होत्या.